चूक कुणाची आणि निलंबन कुणाचे?

यवतमाळ जिल्ह्यातील घाटंजी तालुक्यात, भांबोरा प्राथमिक आरोग्य केंद्राच्या हद्दीत कापसीकोपरी नावाचे गाव आहे. ३१ जानेवारी २०२१ रोजी देशभर पोलिओ लसीकरणाचा दिवस पाळला जात होता. त्या दिवशी या गावात पाच वर्षांखालील १२ बालकांच्या तोंडात पोलिओच्या थेंबांऐवजी हाताला लावायच्या सॅनिटायझरचे थेंब घातले गेले. मुलांना उलट्या सुरू झाल्या. त्यांना यवतमाळच्या शासकीय रुग्णालयात भरती करावे लागले. सुदैवाने सगळी मुले वाचली. दिल्ली-मुंबईच्या ज्या वाहिन्यांना घाटंजी नकाशावर दाखवता आली नसती, त्यांनी दोन दिवस ही बातमी चघळली. चौकशीचे आदेश निघाले, तिघांच्या निलंबनाची घोषणा झाली आणि वर्तमानपत्रांपुरते प्रकरण संपले.

आमचा प्रश्न तिथून सुरू होतो. लसीची बाटली आणि सॅनिटायझरची बाटली एका टेबलावर शेजारी-शेजारी येतेच कशी?

कोविडच्या त्या वर्षात प्रत्येक बूथवर सॅनिटायझर ठेवणे सक्तीचे होते. पोलिओची मोहीम आधी १७ जानेवारीला होणार होती. १६ जानेवारीला कोविडचे लसीकरण सुरू झाले म्हणून ती ३१ तारखेला ढकलली गेली. म्हणजे एकाच यंत्रणेवर, त्याच त्या बायांवर, पंधरा दिवसांत दोन राष्ट्रीय मोहिमांचा बोजा पडला. पोलिओ लसीच्या बाटलीवर उष्णता ओळखणारी एक खूण असते. वर्तुळात एक फिकट चौकोन असतो. लस उन्हातान्हाने बाद झाली की चौकोन वर्तुळाइतका गडद होतो. बाटली उघडण्याआधी ही खूण पाहावी, असा नियम आहे. ती पाहिली असती तर सॅनिटायझरची बाटली तेव्हाच बाजूला पडली असती, कारण तिच्यावर असा चौकोन नसतोच. मग त्या दिवशी ती का पाहिली गेली नाही? नियम शिकवला होता काय? शिकवला असेल तर कधी, किती मिनिटे, कुणी? बूथ मांडताना पर्यवेक्षक येऊन गेला काय? लस एकीने काढायची आणि दुसरीने तपासून द्यायची, अशी रीत होती काय? निलंबनाच्या आदेशात यातल्या एकाही प्रश्नाचे उत्तर मिळत नसते. आदेश लिहिणाऱ्याला ते नकोच असते, कारण उत्तर शोधत गेले की बोट वरच्या मजल्याकडे वळते.

तिघांमध्ये एक आशा सेविकाही असल्याचे त्या वेळी सांगण्यात आले. कायद्याचा विद्यार्थी म्हणून आम्हाला याचे हसू आले आणि चीडही आली. आशा ही शासनाच्या लेखी कर्मचारीच नाही. ती ‘स्वयंसेविका’. तिला पगार नाही, मोबदला आहे. पेन्शन नाही, रजा नाही. तिला कायम करा म्हटले की सरकार सांगते, ती आमची नोकर नाही. मात्र चूक झाली की तिला निलंबित करायला तेच सरकार सर्वांत पुढे! जिला पदच दिले नाही तिला पदावरून दूर कसे करतात, हे आम्हाला कुणी तरी समजावून सांगावे.

याचा अर्थ आम्ही कामचुकारांचे वकीलपत्र घेतले आहे, असा कुणी काढू नये. बारा लेकरांच्या पोटात विषारी द्रव गेले, ही साधी गोष्ट नव्हे. ती लेकरे गोरगरिबांचीच होती. पण ज्या व्यवस्थेत चूक करणाऱ्याचा फक्त गळा पकडला जातो, त्या व्यवस्थेत पुढच्या वेळी चूक होते आणि लपवलीही जाते. रुग्णाच्या जिवाला खरा धोका या लपवालपवीचा असतो.

हे सरकारी दवाखान्यापुरते नाही. परदेशात ‘नर्सिंग होम’ म्हणजे म्हाताऱ्या माणसांची काळजी घेणारी वसतिगृहे. आपल्याकडे नर्सिंग होम म्हणजे तालुक्याच्या चौकातला दहा-वीस खाटांचा खाजगी दवाखाना. वर डॉक्टरसाहेबांचे घर, खाली मेडिकल स्टोअर, मध्ये वॉर्ड. यवतमाळ, वणी, पुसद, दारव्हा, उमरखेड, पांढरकवडा, कुठेही जा, रात्री दहानंतर त्या वॉर्डात पांढऱ्या कोटातली जी मुलगी दिसते तिला सगळे ‘सिस्टर’ म्हणतात. तिने नर्सिंगचा अभ्यासक्रम केला आहे काय, हे कुणी विचारत नाही. बहुतेक वेळा ती आपल्याच वस्तीतली, दहावी-बारावी झालेली, बाप मजुरीला जाणारा, अशी असते. सलाईन लावायला ती बघून-बघून शिकलेली असते.

अशीच एक मुलगी काही वर्षांपूर्वी आमच्याकडे सल्ल्यासाठी आली होती. दवाखान्याचे नाव सांगण्याचे कारण नाही. रात्रीत एक बाळंतीण दगावली होती आणि पोलिसांनी तिला जबाबाला बोलावले होते. केसपेपरवर दर दोन तासांनी रक्तदाब लिहिलेला होता. अक्षर तिचेच होते. आम्ही विचारले, रात्री दोन वाजता तू खरेच रक्तदाब मोजला होतास काय? ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “सर, मशीन बंद होती. मोठ्या सिस्टरनं सांगितलं, मागचाच आकडा थोडा कमीजास्त करून लिही. सगळे तसंच करतात.” डॉक्टरांना उठवले का नाही, असे विचारल्यावर ती आमच्याकडे असे बघत राहिली, जणू आम्ही तिला कलेक्टरच्या बंगल्यात शिरून त्यांची झोप मोडायला सांगत होतो. मागच्या खेपेला उठवले तेव्हा सर्वांसमोर शिव्या खाल्ल्या होत्या आणि एक दिवसाचा पगार कापला गेला होता.

रुग्णसुरक्षेबद्दल कर्मचाऱ्यांची मनोवृत्ती कशी आहे, असे प्रश्न आता मोठ्या संस्थांच्या पाहण्यांतून विचारले जातात. त्या मुलीची मनोवृत्ती कशी म्हणायची? बेफिकीर? आम्हाला ती घाबरलेली दिसली. तोंड उघडले तर नोकरी जाते आणि गप्प बसले तर रुग्ण जातो, या दोन्हींच्या मध्ये ती रोज रात्री बारा तास उभी होती.

अमेरिकेत १९९९ मध्ये तिथल्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने एक अहवाल काढला. दरवर्षी ४४ हजार ते ९८ हजार माणसे रुग्णालयांतील चुकांमुळे मरत असावीत, असा त्यात अंदाज होता. जगातल्या सर्वांत श्रीमंत देशाची ही कथा! पण त्या अहवालाने आकड्यापेक्षा मोठी गोष्ट सांगितली. बहुतेक चुका वाईट माणसे करत नाहीत, वाईट रीतीने रचलेल्या कामात चांगली माणसे त्या करतात. म्हणून माणसाला झोडपण्याआधी कामाची रचना बदला. त्यानंतर जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये शस्त्रक्रियेसाठी १९ मुद्द्यांची एक तपासणी यादी दिली. दिल्लीसह जगातल्या आठ शहरांत ती वापरून पाहिली, तेव्हा शस्त्रक्रियेनंतर मरणाऱ्यांचे प्रमाण शेकडा दीडवरून ०.८ वर आले. कोणतेही नवे यंत्र नाही, नवे औषध नाही. कागदाचा एक तुकडा!

या यादीत एक मुद्दा आहे, त्याकडे आम्ही चळवळीतल्या वाचकांचे खास लक्ष वेधतो. चीर देण्याआधी खोलीतल्या प्रत्येकाने आपले नाव आणि आपले काम मोठ्याने सांगायचे. सर्जनने सांगायचे, भूलतज्ज्ञाने सांगायचे, नर्सनेही सांगायचे. एवढ्याने काय होते? ज्याने एकदा आपले नाव उच्चारले, तो पुढे “साहेब, एक टॉवेल मोजणीत कमी येतोय” असे म्हणायला धजावतो. आमच्या दवाखान्यांत नाव कुणाला असते? डॉक्टरांना असते. बाकी सिस्टर, ब्रदर, वॉर्डबॉय आणि मावशी. मावशीचे आडनाव मात्र सगळ्यांना माहीत असते!

बाबासाहेबांनी १९३६ मध्येच दाखवून दिले होते की जातिव्यवस्था कामाची वाटणी करून थांबत नाही, ती काम करणाऱ्या माणसांनाच एकमेकांपासून तोडते आणि वरखाली रचते. आमचे दवाखाने पाहा. वर डॉक्टर, खाली परिचारिका, तिच्याखाली कंत्राटी परिचारिका, तिच्याखाली वॉर्डबॉय आणि सर्वांत तळाला सफाई कामगार. सफाई कामगार कोणत्या समाजाचा आहे, हे सांगायला जनगणना लागत नाही. या शिडीवर हुकूम वरून खाली येतो, माहिती मात्र खालून वर जात नाही. आणि रुग्णाचे बिनसते ते आधी खालच्यालाच दिसते. चादर बदलताना रक्त जास्त गेल्याचे मावशी पाहते. ती सांगणार कुणाला? तिला विचारतो कोण?

कायदासुद्धा याच शिडीवर चढून बसला आहे. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडारा जिल्हा रुग्णालयात नवजात बालकांच्या कक्षाला आग लागून १० कोवळी बालके गेली. वरिष्ठांपैकी कुणाचे निलंबन झाले, कुणाची बदली झाली. फौजदारी गुन्हा नोंदला गेला तो दोन परिचारिकांवर. त्याच वर्षी ६ नोव्हेंबरला तेव्हाच्या अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयात अतिदक्षता विभाग जळून ११ रुग्ण दगावले. जिल्हा शल्यचिकित्सक निलंबित झाले. बेड्या पडल्या एक महिला वैद्यकीय अधिकारी आणि तीन परिचारिकांना. इमारतीतली विजेची वायरिंग, अग्निशमनाची यंत्रणा, त्यासाठीचा निधी, या गोष्टी परिचारिकेच्या सहीने होतात काय?

आणि आता तर फरक कायद्याच्या पुस्तकातच छापून आला आहे. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. जुन्या दंड संहितेच्या कलम ३०४-अ मध्ये निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्यास कुणालाही कमाल दोन वर्षांची कैद होती. नव्या संहितेच्या कलम १०६ मध्ये ती पाच वर्षे झाली. मात्र उपचार करताना नोंदणीकृत डॉक्टरकडून तसे घडले तर कमाल दोन वर्षेच! नोंदणीकृत डॉक्टर म्हणजे ज्याचे नाव वैद्यकीय नोंदवहीत आहे तो. परिचारिकेचे नाव त्या वहीत नसते. म्हणजे एकाच खोलीत, एकाच रुग्णाच्या बाबतीत, डॉक्टरने चुकीचे इंजेक्शन दिले तर दोन वर्षे आणि सिस्टरने दिले तर पाच वर्षे. एकाच गुन्ह्याला वर्ण पाहून वेगळी शिक्षा सांगणारा ग्रंथ बाबासाहेबांनी २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला कशासाठी जाळला होता, याची आठवण यावी असे हे कलम आहे. डॉक्टरांना सवलत का दिली, ही आमची तक्रार नाही. भीतीखाली उपचार नीट होत नाहीत, हे कारण खरेच आहे. पण मग तेच कारण परिचारिकेला का लागू नाही? तिचे हात भीतीने थरथरत नाहीत काय?

भीतीचा सर्वांत ओंगळ प्रयोग आपण नांदेडला पाहिला. ३० सप्टेंबर व १ ऑक्टोबर २०२३ या दोन दिवसांत तिथल्या डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय रुग्णालयात २४ तासांत २४ रुग्ण दगावले. त्यात १२ नवजात बालके होती. ३ ऑक्टोबरला हिंगोलीचे तेव्हाचे खासदार हेमंत पाटील रुग्णालयात आले. (आपल्या यवतमाळ जिल्ह्यातला उमरखेड हा राखीव मतदारसंघ याच हिंगोलीत मोडतो.) औषधे का नाहीत, जागा रिकाम्या का आहेत, हा प्रश्न ज्या सरकारला विचारायचा त्याच सरकारच्या पक्षाचे हे खासदार. त्यांनी काय केले? प्रभारी अधिष्ठात्यांच्या हातात झाडू देऊन त्यांच्याकडून शौचालय साफ करून घेतले आणि कॅमेरे चालू होते. अधिष्ठाता आदिवासी समाजाचे. पुढे खासदारांवर ॲट्रॉसिटीचा गुन्हा नोंदला गेला, तो भाग न्यायालयाचा. आमचा मुद्दा वेगळा आहे. शौचालय घाण होते हे खरेच असणार. पण त्या क्षणी खासदारांच्या मनात शिक्षा म्हणून दुसरे काही न येता संडास धुणेच का आले? कारण या देशात घाण साफ करणे हे काम नसून ती पायरी आहे, आणि कुणाला अपमानित करायचे तर त्याला त्या पायरीवर ढकलायचे, हे आईच्या दुधाबरोबर शिकवले जाते. त्या शौचालयाशेजारी रोज झाडू घेऊन उभी राहणारी जी बाई असेल, तिने तो प्रकार पाहताना स्वतःबद्दल काय ऐकले असेल? आणि ज्या रुग्णालयात सफाई ही शिक्षा ठरते, तिथे जंतुसंसर्ग कसा थांबेल? नवजात बालके जंतुसंसर्गानेही मरतात, साहेब!

याच्या उलट एक प्रसंग महावग्गात आहे. आपल्या विहारांत तो अनेकदा सांगितला जातो, पण अर्धाच. पोटाच्या विकाराने आजारी असलेला एक भिक्खू स्वतःच्या घाणीत पडून होता. भगवंतांनी विचारले, तुझी शुश्रूषा कुणी करत नाही काय? तो म्हणाला, मी कुणाच्या उपयोगी पडत नाही, म्हणून कुणी येत नाही. भगवंतांनी आनंदाला पाणी आणायला लावले. स्वतः पाणी ओतले, आनंदाने त्याला धुतले, एकाने डोके आणि दुसऱ्याने पाय धरून त्याला खाटेवर निजवले. इथवरची गोष्ट सगळे सांगतात आणि करुणेवर प्रवचन होते. पुढे जे झाले ते आम्हाला जास्त मोलाचे वाटते. भगवंतांनी संघ बोलावला, विचारपूस केली आणि कुणाला हाकलले नाही. त्यांनी नियम घालून दिला. आजाऱ्याला उपाध्याय असेल तर त्याने शुश्रूषा करावी. नसेल तर आचार्याने, नसेल तर शिष्याने. आणि कुणीच नसेल तर संघाने. संघाने केली नाही तर दोष संघाचा. शुश्रूषा करणारा कसा असावा, हेही सांगितले. औषध तयार करता येणारा, रुग्णाला काय सोसते ते ओळखणारा, मलमूत्र-ओकारीची किळस न करणारा. अडीच हजार वर्षांपूर्वीची ही ड्युटीची यादी आहे! कोण जबाबदार, तो नसेल तर कोण, आणि शेवटी सगळी संस्था जबाबदार.

आता आपल्या माणसांनाही दोन शब्द सुनावले पाहिजेत. दवाखान्यांत कर्मचारी म्हणून आज आपली मुले-मुली मोठ्या संख्येने आहेत. आरक्षणाने मिळालेल्या नोकरीत बसून कोलामाची, पारध्याची, मातंगाची बाई प्रसूतीच्या वेणांनी ओरडली तर तिच्या अंगावर खेकसणारे कर्मचारी आम्ही पाहिले आहेत. तिचे लुगडे पाहून आवाज चढतो. वरच्याने आपल्याला जे दिले ते खालच्याला द्यायचे, ही शिडीची शिकवण त्यांनी घेतली आहे. रुग्णाला तुच्छ लेखणारा त्याच्याकडे लक्षही देत नाही. तिची तक्रार ‘नाटक’ ठरते आणि तासाभराने ती बेशुद्ध सापडते. दुसरी बाजूही आहे. रुग्ण दगावला की दवाखाना फोडणे, डॉक्टर-नर्सला मारणे, यात आपलीही पोरे पुढे असतात. यवतमाळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या आवारात नोव्हेंबर २०२१ मध्ये शेवटच्या वर्षाच्या एका विद्यार्थ्याचा भोसकून खून झाला. जिथे शिकणारा डॉक्टरच सुरक्षित नाही, तिथे झरी-जामणीहून रातोरात आणलेला रुग्ण सुरक्षित कसा राहील?

दगड उचलण्यापेक्षा कागद उचलावा. १९६३ मध्ये तेव्हाच्या औरंगाबादच्या सरकारी रुग्णालयात एका बाळंतिणीची नसबंदीची शस्त्रक्रिया झाली आणि पोटात टॉवेल राहून गेला. पुन्हा पोट उघडले, पण ती वाचली नाही. नवऱ्याने दावा लावला. खालच्या न्यायालयाने ३६ हजार रुपये मंजूर केले, उच्च न्यायालयाने शासनाला मोकळे सोडले. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये, म्हणजे ३३ वर्षांनी, शासनाला जबाबदार धरले. अच्युतराव हरिभाऊ खोडवा विरुद्ध महाराष्ट्र राज्य, हा तो निकाल. त्यातले सूत्र असे की पोटात टॉवेल राहणे हीच निष्काळजीपणाची साक्ष आहे, आणि नेमका कुणाचा हात चुकला हे बोट ठेवून दाखवता आले नाही तरी रुग्णालय चालवणारे शासन सुटत नाही. कापसीकोपरीला हेच सूत्र लावून पाहा, म्हणजे निलंबनाचा तो आदेश किती तोकडा होता ते कळेल.

म्हणून कुणाच्या घरी असा प्रसंग आला तर काय करावे? पोलीस ठाण्यात जाऊन रात्रपाळीच्या पोरीचे एकटीचे नाव लिहून मोकळे होऊ नका. आधी केसपेपर मागा. डॉक्टरांच्या आचारसंहितेनुसार मागणी केल्यापासून ७२ तासांत ते द्यावे लागतात. त्या रात्रीच्या ड्युटीची यादी मागा. किती खाटांना किती परिचारिका होत्या, त्यांतल्या किती नोंदणीकृत, डॉक्टर किती वाजता आले, हे लेखी घ्या. खाजगी नर्सिंग होम असेल तर १९४९ च्या नर्सिंग होम नोंदणी कायद्याखाली त्याची नोंदणी आहे काय आणि तपासणी शेवटची कधी झाली, हे माहिती अधिकारात विचारा. तक्रारीत दवाखान्याच्या मालकाला पहिला सामनेवाला करा. ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत जावे लागते. दवाखान्याला दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही.

सरकारी रुग्णालयात उपचार सर्वांनाच फुकट असतील तर ग्राहक आयोगाचे दार बंद आहे. १९९५ च्या शांता निकालाने ते तसे ठरवले आहे, आणि म्हणूनच सर्वांत गरीब रुग्णाला सर्वांत लांबचा रस्ता धरावा लागतो. तिथे शासनाला दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८० ची नोटीस देऊन दावा लावायचा. वकिलाच्या फीची चिंता करू नये. अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला, कोणत्याही स्त्रीला आणि बालकाला उत्पन्न न विचारता मोफत वकील देण्याची तरतूद १९८७ च्या कायद्यात आहे. त्यासाठी यवतमाळच्या न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे साध्या कागदावर अर्ज करायचा असतो. सोबत जातीचा दाखला आणि केसपेपरची झेरॉक्स न्यावी.